समुद्रात उभे असलेले दार

जपान हा बेटांचा देश आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू ही त्यांतली तीन मोठी बेटे. या तिन्हींच्या मध्ये एक शांत समुद्र पसरला आहे. त्याला सेतो अंतर्समुद्र म्हणतात. या समुद्रात शेकडो लहान बेटे आहेत. त्यांपैकी एका बेटाची आज आपण ओळख करून घेणार आहोत. त्याचे नाव इत्सुकुशिमा. पण जपानी लोक त्याला प्रेमाने मियाजिमा म्हणतात. मियाजिमा म्हणजे देवस्थानाचे बेट.

हे बेट हिरोशिमा शहराच्या नैर्ऋत्येला आहे. किनाऱ्यावरच्या मियाजिमागुची या गावातून बोटीत बसायचे. दहा मिनिटांत बोट पलीकडे पोहोचते. एवढ्या छोट्या प्रवासात एक दृश्य मात्र असे दिसते, की पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलता बोलता थांबतो. समोर हिरव्यागार डोंगराचे बेट असते. त्याच्या पायथ्याशी, भर पाण्यात, शेंदरी रंगाचे एक प्रचंड दार उभे असते. दाराला भिंत नाही, कवाडे नाहीत, कडीकोयंडा नाही. दोन जाड खांब, वर दोन आडव्या तुळया आणि खांबांना आधार देणारे चार लहान खांब. बस्स, एवढेच.

या दाराला जपानी भाषेत 'तोरिई' म्हणतात. आपल्या 'तोरण' शब्दाशी त्याचे साम्य तुमच्या कानाला लगेच जाणवेल. दोन्ही शब्दांचे खरोखर नाते आहे का, याविषयी विद्वानांत एकमत नाही. म्हणून आपणही घाई करू नये. तोरिईचा अर्थ मात्र सोपा आहे. इथून पुढची जागा पवित्र, एवढे सांगणारी ती खूण आहे. जपानमध्ये शिंतो धर्माचे देवस्थान जिथे असेल, तिथे बाहेर बहुधा तोरिई असते. शिंतो म्हणजे देवांचा मार्ग. या धर्माला कोणी एक संस्थापक नाही. डोंगर, झाड, झरा, समुद्र, वारा अशा गोष्टींत दैवी शक्ती वास करते असे शिंतो मानणारे समजतात. त्या शक्तीला ते 'कामी' म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, की देवस्थान बांधायला जमीन नव्हती का? मग ते पाण्यात कशाला बांधले?

जमीन होती. पण बेटावर देव आहे असे लोक मानत नव्हते. सारे बेटच देव आहे असे ते मानत. बेटाच्या मध्यभागी मिसेन नावाचा ५३५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावरचे जुने अरण्य लोकांनी जपले. देवाच्या अंगावर पाया खणायचा कसा? त्याच्या अंगावरची झाडे तोडायची कशी? म्हणून डोंगराला हात न लावता त्याच्या पायाशी, भरतीचे पाणी जिथे येते तिथे, लाकडी खांबांवर देवस्थान उभारले गेले. भाविक होडीतून येत, तोरिईखालून आत शिरत आणि पाण्यावरच्या त्या वास्तूत पूजा करून परत जात. सामान्य माणसाला बेटावर पाय ठेवण्याचीही पूर्वी मनाई होती असे सांगतात.

परंपरेनुसार पहिले देवस्थान इसवी सन ५९३ मध्ये उभारले गेले. मात्र आज जो आराखडा आपण पाहतो, तो ११६८ सालचा आहे. त्या काळी जपानमध्ये ताइरा नो कियोमोरी नावाचा एक बलाढ्य सरदार होता. तरुणपणी तो या प्रांताचा सुभेदार झाला होता. चीनशी व्यापार करणारी जहाजे सेतो अंतर्समुद्रातून जात. त्या व्यापारावर कियोमोरीची नजर होती, आणि या देवस्थानातल्या तीन देवी तर समुद्राच्या व नाविकांच्या रक्षणकर्त्या मानल्या जात. श्रद्धा होती आणि हिशोबही होता, असे मला वाटते. कियोमोरीने राजवाड्याच्या धर्तीवर पाण्यावर मंडप, सज्जे आणि लांबच लांब मार्गिका बांधवल्या. ११८१ मध्ये तो वारला आणि ११८५ मध्ये त्याचे सारे घराणे एका समुद्रातल्या लढाईत बुडाले. देवस्थान मात्र राहिले.

कियोमोरीने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. ११६४ मध्ये त्याने बौद्ध धर्मग्रंथांच्या तेहतीस गुंडाळ्या इथे अर्पण केल्या. सोन्याचांदीचा वर्ख, रंगीत चित्रे आणि सुबक अक्षरे यांनी त्या सजवलेल्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी घरी किंवा मशिदीत खत्तातीचे सुंदर नमुने पाहिले आहेत, त्यांना अशा कामातली मेहनत वेगळी सांगायला नको. कातिबाची बोटे कुठल्याही देशातली असोत, ती सारखीच दुखत असणार!

शिंतो देवस्थानात बौद्ध ग्रंथ कसे, असा प्रश्न चौकस मुलांच्या मनात आला असेल. जपानमध्ये हे दोन्ही धर्म शेकडो वर्षे एकमेकांत मिसळून राहिले. इथल्या तीन देवींपैकी एकीला लोक बेंझाइतेन म्हणूनही पुजू लागले. ही बेंझाइतेन कोण आहे, ठाऊक आहे? ती आपल्या भारतातली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला गेली. तिथे तिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचे तंतुवाद्य आले. पुढे १८६८ मध्ये सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करण्याचा हुकूम काढला, तेव्हा बेंझाइतेनची मूर्ती देवस्थानातून शेजारच्या दाइगान-जी या बौद्ध मंदिरात हलवली गेली. आजही ती तिथेच आहे.

चला, आता आत जाऊ. दाराशी दगडी कुंड असते आणि त्यावर लांब दांड्याचे पळे ठेवलेले असतात. पळ्याने पाणी घेऊन आधी डावा हात धुतात, मग उजवा. नंतर डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरतात. शेवटी पळा उभा धरून उरलेल्या पाण्याने त्याचा दांडाही धुतात, म्हणजे पुढच्या माणसाला तो स्वच्छ मिळतो. तुम्हांला इथे वजूची आठवण होणे साहजिक आहे. वजूची रीत, तिचा क्रम आणि तिचा हेतू वेगळा आहे, हे आपण जाणतो. पण देवासमोर जाण्यापूर्वी पाण्याला हात लावावा, हे इतक्या दूरच्या लोकांनाही वाटले, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. मुख्य मंडपासमोर लोक दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात आणि पुन्हा एकदा वाकतात. तोरिईकडे जाणाऱ्या वाटेच्या मधोमध चालत नाहीत. मधली वाट देवाची, माणसाने कडेने जावे, असा रिवाज आहे. ज्याला पूजा करायची नाही, त्याने शांतपणे पाहावे. त्याला कोणी अडवत नाही. दुसऱ्याच्या इबादतगाहमध्ये आवाज खाली ठेवण्यासाठी आपली श्रद्धा बदलावी लागत नाही.

आता पायांखाली पाहा. मार्गिकांच्या फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत. दोन फळ्यांमध्ये फट सोडलेली आहे. सुताराने काम कच्चे ठेवले असे तुम्हांला वाटेल. पण या फटीतच सारे शहाणपण आहे.

ते समजण्यासाठी भरती-ओहोटी नीट समजली पाहिजे. उर्दूत आपण तिला मद्द-ओ-जजर म्हणतो. तुमच्यापैकी जे कोकणात किंवा खाडीकाठी राहतात, त्यांना समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते हे माहीत आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. मियाजिमाच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत तीन ते चार मीटरांचा फरक पडतो. म्हणजे सकाळी जिथे होडी चालते, तिथेच दुपारी माणसे चिखलात शिंपले वेचताना दिसतात. ओहोटीला तुम्ही चालत तोरिईपर्यंत जाऊ शकता, आणि भरतीला तीच तोरिई तरंगत असल्याचा भास होतो.

मार्गिकांची उंची अशी ठरवलेली आहे, की नेहमीच्या उधाणाचे पाणी फळ्यांच्या जरा खालीच थांबते. पण वादळ आले की समुद्र फुगतो. पाणी खालून फळ्यांना जोराने वर ढकलते. फळ्या घट्ट असत्या तर साऱ्या मार्गिकेचे छप्पर खांबांसकट उचलले गेले असते. फटी असल्यामुळे पाणी वर येते, पसरते आणि ओहोटीला त्याच फटींतून खाली निघून जाते. समुद्राला आत येऊ द्यायचे आणि जाऊ द्यायचे, असा हा बेत आहे.

तोरिईचीही तीच कथा. ती सुमारे १६.६ मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारतीएवढी. वजन सुमारे साठ टन. मुख्य खांब कापराच्या झाडाच्या अखंड खोडांचे आहेत. त्यांचा घेर दहा मीटरांच्या जवळपास आहे. कापराच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही आणि ते पाण्यात टिकते. नवल असे, की हे खांब समुद्राच्या तळात खोल गाडलेले नाहीत. ते नुसते उभे आहेत! खालच्या मऊ गाळात पाइनच्या लाकडाचे खुंट दाटीने ठोकून पाया पक्का केला आहे. गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून हे खुंट लवकर कुजत नाहीत. वरची तुळई पेटीसारखी पोकळ आहे आणि तिच्यात मुठीएवढे दगड भरलेले आहेत. त्यांचे वजनच सुमारे सात टन आहे. या वजनाने आणि सहा पायांच्या तोलाने तोरिई लाटांत उभी राहते. तुळईच्या पूर्वेकडच्या टोकाला सूर्य आणि पश्चिमेकडच्या टोकाला चंद्र रंगवला आहे.

आज दिसणारी तोरिई १८७५ सालची आहे. कियोमोरीच्या काळापासून मोजली तर ती आठवी. एवढ्या जाडीची कापराची झाडे सहज मिळत नाहीत. तिच्यासाठी पूर्वेचा खांब क्यूशू बेटावरून आणि पश्चिमेचा शिकोकू बेटावरून आणावा लागला होता. मुख्य मंडपाची आजची इमारत १५७१ सालची आहे, तर नो नाटकांचा रंगमंच मूळचा १६८० सालचा. मग या देवस्थानाचे वय किती धरायचे? साडेचारशे वर्षे? साडेआठशे? की चौदाशे? एखाद्या जुन्या घराचे कौल बदलले, वासे बदलले, दार नवे बसवले, तरी घर तेच असते. इथे तर प्रत्येक पिढीने काही ना काही बदलले आहे आणि आराखडा मात्र बदलू दिलेला नाही.

समुद्र दरवेळी सौम्य राहत नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या वादळाने नो रंगमंच पार पाडून टाकला. समुद्रावर उभा असलेला जपानमधला तो एकुलता एक जुना नो रंगमंच होता. नटाच्या पावलांचा आवाज घुमावा म्हणून जमिनीवरच्या नो रंगमंचाखाली मडकी ठेवतात. पाण्यावर मडकी कशी ठेवणार? म्हणून इथली फरशीच तशी जोडलेली आहे, की ती नगाऱ्यासारखी घुमते. सुतारांनी तो रंगमंच १९९४ पर्यंत पुन्हा उभारला. सप्टेंबर २००४ च्या वादळात वादकांचा एक मंडप कोसळला. तोही पुन्हा बांधला गेला.

सर्वांत कठीण वेळ मात्र आली ती १९४५ मध्ये, आणि ती समुद्राकडून नव्हे, डोंगराकडून आली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. ते शहर बेटावरून दिसण्याइतके जवळ आहे. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, मोठे वादळ आले. मिसेन डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्याने दगड, माती आणि मोडलेली झाडे वाहून आणली आणि देवस्थानात गाळाचा ढीग घातला. शहर बेचिराख, देश हरलेला, खायला धान्य नाही. अशा वेळी देवस्थानाच्या दुरुस्तीकडे कोण पाहणार?

पण लोकांनी पाहिले. पुन्हा असा लोंढा येऊ नये म्हणून १९४८ ते १९५० या काळात ओढ्याचे पात्र बांधून काढायचे ठरले. अभियंत्यांबरोबर बागा तयार करणारे कारागीरही कामाला लावले गेले. त्यांच्यासाठी घातलेले नियम वाचण्यासारखे आहेत. मोठे दगड फोडायचे नाहीत. झाडे तोडायची नाहीत. बाहेरून दगड आणायचे नाहीत, वादळाने आणलेलेच वापरायचे. सिमेंट वापरले तरी ते डोळ्यांना दिसता कामा नये. आज त्या ओढ्याकाठी फिरणाऱ्या माणसाला हा बांध आहे असे वाटतच नाही. एक सुंदर बाग वाटते. ज्या दगडांनी नुकसान केले, त्याच दगडांकडून राखणदारी करून घेतली. मला तर सबंध मियाजिमात ही जागा सर्वांत मोलाची वाटते, जरी तिथे कोणी फोटो काढायला गर्दी करत नसले तरी.

बेटाच्या काही प्रथा ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. बेट पवित्र राहावे म्हणून तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही होऊ देत नसत. बाळंतपण जवळ आले की बाईला पलीकडच्या किनाऱ्यावर नेत. माणूस मेला की त्याला होडीने पलीकडे नेऊन तिथे मूठमाती देत. आजही बेटावर दफनभूमी नाही. १५५५ मध्ये या बेटावर एक घनघोर लढाई झाली. मोरी मोतोनारी या सरदाराने ती जिंकली. जिंकल्यावर त्याने प्रेते बेटाबाहेर न्यायला लावली, रक्ताने भिजलेली माती खरवडून काढली आणि सारे देवस्थान धुऊन घेतले, असे सांगतात. बाळंतीण बाईला अशा वेळी समुद्र ओलांडावा लागणे हे किती अवघड असेल, याचाही विचार मनात येतो. प्रथा जुनी असली म्हणजे तिचा भार सगळ्यांवर सारखाच पडतो असे नाही.

आता बेटावर दोन हजारांहून कमी लोक राहतात. पाहुण्यांची संख्या मात्र फार मोठी असते. १९९६ मध्ये हे देवस्थान जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याच वर्षी हिरोशिमाच्या अणुबाँबने पडझड झालेल्या घुमटाच्या इमारतीलाही त्या यादीत स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्याला शंभर येन कर द्यावा लागतो. पाहुण्यांचे पाय जसे लागतात, तसे त्यांचे हातही लागतात. ओहोटीला तोरिईपाशी जाऊन काही जण नवस म्हणून खांबांच्या फटींत नाणी खोचतात. नाण्याने फट रुंद होते, तिच्यात खारे पाणी शिरते आणि लाकूड कुजते. श्रद्धेने केलेले कामही असे नासधूस करते. जून २०१९ ते डिसेंबर २०२२ अशी साडेतीन वर्षे तोरिईची दुरुस्ती चालली होती. तेवढा काळ ती पराती आणि जाळ्यांनी झाकलेली होती. दुरून आलेल्या कित्येकांना नुसती जाळीच पाहून परतावे लागले.

मियाजिमाचा सर्वांत मोठा उत्सव उन्हाळ्यात असतो. त्याला कांगेन-साई म्हणतात. कियोमोरीच्या काळात सरदार लोक होड्यांत बसून वाद्ये वाजवत. तीच रीत त्याने देवीसाठी सुरू केली. हा उत्सव जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे सहाव्या महिन्याच्या सतराव्या तारखेला होतो. चांदच्या तारखा तुम्हांला नव्या नाहीत. आपला हिजरी महिना मात्र सर्व ऋतूंतून फिरत राहतो. जपानच्या जुन्या पंचांगात मराठी पंचांगासारखा अधूनमधून एक अधिक महिना धरतात, म्हणून कांगेन-साई कधी हिवाळ्यात जात नाही. मग सतरावीच तारीख का? पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते म्हणून. उत्सवाची तारीख पाण्याने ठरवली आहे.

त्या संध्याकाळी तीन होड्या एकमेकींना बांधून एक मोठी होडी करतात. तिच्यावर देवीची पालखी आणि वादक असतात. होडी तोरिईखालून बाहेर पडते, समोरच्या किनाऱ्यावरच्या देवस्थानांना भेट देते आणि रात्री उशिरा परतते. ती स्वतः वल्ह्यांनी चालत नाही. पुढच्या होड्या तिला ओढतात. यामागेही एक घटना आहे. १७०१ च्या उत्सवात अचानक वादळ आले आणि पालखीची होडी बुडू लागली. तेव्हा जवळून जाणाऱ्या आगा आणि एबा या गावांच्या होड्यांनी जीव धोक्यात घालून तिला वाचवले. त्या दिवसापासून होडी ओढण्याचा मान या दोन गावांना मिळाला. तो आजही त्यांच्याकडेच आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास पाणी मार्गिकांपर्यंत चढलेले असते. कंदील लावलेल्या होड्या तोरिईखालून पुन्हा आत येतात. मार्गिकांच्या मध्ये एक चौकोनी जागा आहे, जेमतेम होडी वळेल एवढी. त्या अरुंद जागेत ओढणारे नावाडी मोठी होडी जोर लावून गोल फिरवतात. एकदा, दोनदा, तीनदा. दोन्ही बाजूंनी फळ्यांवर दाटीने उभे असलेले लोक ओरडून त्यांना प्रोत्साहन देतात, आणि फळ्यांच्या फटींतून खालचे काळे पाणी हलताना दिसते.